गाडीचा कौल

जपाची माळ घेऊन मी तुळशीजवळ बसले होते. मेरुमणी हाताला लागला तेव्हा लक्षात आलं, की निम्म्याहून जास्त मण्यांवर मी देवाचं नाव घेतलेलंच नाही. ओठ हलत होते, मणी सरकत होते, पण आत चाललं होतं ते ‘डग-डग-डग-डग’. आणि वाईट म्हणजे हा ठेका जपाला इतका नेमका बसत होता, की माळ रोजच्यापेक्षा लवकर संपली. मी ती डोळ्यांना लावली, क्षमा मागितली आणि दुसरी माळ सुरू केली. तीही लवकर संपली.

हा आवाज माझ्या डोक्यात घातला तो किशोरीने. किशोरी म्हणजे माझ्या देवबागच्या भावाची मुलगी. तिचं तिथे खाडीकाठी पर्यटकांना राहायचं घर आहे, आणि तिच्याकडे एक मोटारसायकल आहे. मोठी. काळी. तिचं नाव मी घेणार नाही. पूर्वी बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, त्यातलाच हा प्रकार समजा. नाव घेतलं की माझे कान गरम होतात. माहेराहून येताना माझी दुपारची एसटी चुकली, किशोरी सोडायला निघाली, आणि गावाबाहेर आल्यावर या कारटीने गाडी थांबवली.

“आते, घे. चालव.”

“माका येणा नाय गो,” मी म्हटलं.

हे खोटं होतं. मुलगी असताना बाबांची फटफटी मी वाळूत चालवलेली आहे, पण तो विषय काढला तर लांबेल. थोडक्यात, मी पदर खोचला. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मधल्या चिंचोळ्या रस्त्यावर मी.

माझा आवाज कसा आहे ते इथे सांगायला हवं. मासळी बाजारात मी भाव विचारला, तर कोळीण माझ्या मागे उभ्या असलेल्या बाईला उत्तर देते. भजनात मी टाळ वाजवते, कारण गाते ते कोणाला कळत नाही. आणि त्या दिवशी माझ्या मनगटाच्या एका पिळासरशी रस्त्यावरची कुत्री, कोंबड्या आणि फोटो काढत उभे असलेले पर्यटक सगळे बाजूला झाले. इतक्या वर्षांत मला कोणी वाट दिली ती पहिल्यांदा.

झालं. त्या क्षणी माझ्या चातुर्मासाची वाट लागली.

मी व्रतं करणारी बाई आहे. सोमवार, संकष्टी, एकादशी हे तर आहेच, शिवाय दर चातुर्मासात काहीतरी सोडायचं. एका वर्षी वांगं सोडलं, एका वर्षी कांदा-लसूण, एका वर्षी चहातली साखर. सोडत सोडत अशी वेळ आली, की यंदा सोडण्यासारखं काही उरेना. म्हणून मी बोलणं सोडलं. सकाळी उठल्यापासून दुपारी बाराला रवळनाथाच्या देवळात नैवेद्याची घंटा होईपर्यंत मौन. व्रत सोपं वाटलं होतं. इतकं सोपं, की आमच्या ह्यांच्या ते पुष्कळ दिवस लक्षातच आलं नाही.

आता अशा बाईला मोटारसायकल हवीशी वाटावी? पैसे होते, नाही असं नाही. कोकमाच्या आगळाचे आणि मालवणी मसाल्याचे माझे स्वतःचे पैसे, काही वर्षांचे. पण ते काशीयात्रेसाठी बाजूला ठेवलेले. म्हणजे एका बाजूला साक्षात विश्वनाथ, दुसऱ्या बाजूला साडेतीनशे सीसी. तुलना मनात आली याचीच मला इतकी लाज वाटली, की त्या रात्री मी फराळही केला नाही.

आणि दुसऱ्याच दिवशी कुडाळला गेले. मिरच्या आणायला. शोरूम मिरच्यांच्या दुकानाच्या वाटेवर नाही, हे मला माहीत आहे.

तिथली मुलगी सृष्टी फार गोड. तिने पाणी दिलं, खुर्ची दिली आणि विचारलं, “काकांसाठी बघताय ना, मॅडम?”

तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. मौन नव्हतं. तोंड उघडून “नाही बाळ, माझ्यासाठी” एवढं म्हणायला काय जात होतं? पण बाजूला दोन तरुण उभे होते. माझ्या हातात मिरच्यांची पिशवी, कपाळावर देवळातला अंगारा. मी मान हलवली. होकारार्थी. पुढचं सगळं रामायण त्या एका मानेवर उभं आहे.

सृष्टीने नंबर लिहून घेतला आणि काही दिवसांनी फोन केला. सकाळी नऊला. मी देवाची भांडी घासत होते. फोन ह्यांनी उचलला, आणि ह्यांना ऐकायला कमी येतं म्हणून तो नेहमी मोठ्याने लावलेला असतो.

“नमस्कार सर! यशोदा मॅडम आहेत का? त्यांनी तुमच्यासाठी बघितलेली काळी मोटारसायकल आहे ना, ती दसऱ्याला हवी असेल तर आताच बुक करावी लागेल.”

आमचे हे, म्हणजे गावाचे भाई, तलाठी ऑफिसातून निवृत्त झालेले. स्वभावाने लोणी. आमच्याकडे बिनगिअरची एक स्कूटर आहे. हे ती चालवतात तेव्हा सायकलवाले “भाईनू, बरा मां सगळा?” असं विचारून पुढे निघून जातात. या माणसाने फोन खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

“माज्यासाठी? गाडी?”

मी मान हलवली. यावेळी नकारार्थी, अगदी स्पष्ट.

“काशीचे पैशे मोडून? माजी साठी भरली म्हणान?”

मी आणखी जोरात मान हलवली. पण लाजेने माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ह्यांनी डोळ्यांकडे बघितलं, मानेकडे नाही. ह्यांचेही डोळे भरले. मी बोटाने स्वतःकडे दाखवलं, मग हवेत दोन मुठी धरून हँडल फिरवून दाखवलं. हे म्हणाले, “कळला गो, कळला. मी तुका पाठसून बसवन फिरवतलंय.”

बाराची घंटा होईपर्यंत मी थांबले. घंटा झाली तशी घराबाहेर धावले, तर हे कुंपणाशी उभे राहून शेजारच्या आनंदीबाईंना सांगत होते. आनंदीबाईंचा आवाज माझ्या उलट. त्या चुलीपुढे खोकल्या तर खाडीपलीकडच्या होड्या वळून बघतात.

“यशोदेऽऽ!” त्या ओरडल्या. “असली बायल मिळाक पुण्य लागता गो! आमच्या घोवाक मी कधी सायकलीचो पंपसुद्धा घेवन दिलंय नाय!”

ही हाक वाडीने ऐकली, पलीकडच्या वाडीने ऐकली, एसटी थांब्यावरच्या मंडळींनी ऐकली. हे कुंपणाशी उभे राहून लाजत होते. संध्याकाळी माझ्यासाठी अबोलीचा वळेसार घेऊन आले. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. आता तुम्हीच सांगा, तो वळेसार केसात माळल्यावर कोणत्या तोंडाने सांगणार, की गाडी तुमच्यासाठी नाही हो?

दुसऱ्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. आमच्या गावात सल्ला द्यायला त्या विषयातलं काही कळावं लागतं, असा नियम नाही. एकजण म्हणाला, काळी नको, काळी शनीची. दुसरा म्हणाला, शनीचीच घ्या, निदान चोरीला जाणार नाही. कोणी म्हणालं गोव्यात घ्या, कोणी म्हणालं घेऊच नका, त्या पैशांत फ्रीज, कपाटं आणि वर नातवाचं बारसं होईल. आम्हाला नातू नाही. मुलगी प्राजक्ता पुण्यात शिकते आहे. तिचा फोन आला, “आई, बाबा आणि मोटारसायकल? तू बरी आहेस ना?” सकाळची वेळ होती. मी फोनवर नुसता श्वास घेतला. त्यावरून तिने आई नाराज आहे असं ठरवलं आणि बाबांना समजावायला लागली, की आईचं मन मोडू नका.

आनंदीबाईंचा सल्ला वेगळाच. “भाईनू, गाडयेर बसताना पोट आत घेवा. नायतर हँडल खंय फिरतला?”

ह्यांनी सगळ्यांत आधी हेल्मेट आणलं. “डोक्याक सवय होवक व्हयी,” म्हणाले, आणि ते घरात घालून बसायला लागले. हेल्मेट घालून पेपर वाचला. हेल्मेट घालून, पुढची काच वर करून, पेज प्यायले. दोनदा मी धीर करून जवळ बसले.

“आयकलास काय,” मी म्हटलं, “ती गाडी मी तुमच्यासाठी नाय...”

“काय म्हणतस?” हेल्मेटच्या आतून आवाज आला.

“काय नाय. पेज आणखी वाढू?”

ते त्यांना बरोबर ऐकू गेलं.

एकदा दुपारी मी बघितलं, हे मोबाईलवर गाडी कशी चालवावी याची चित्रफीत बघत होते. त्यातला माणूस घाटात वळण घेत होता, आणि इकडे हे खुर्चीतल्या खुर्चीत, डोळे घट्ट मिटून, खुर्चीचा हात धरून बसले होते. मला कळायला हवं होतं. कळलंही असेल. पण हवीशी वस्तू दाराशी येत असली, की माणूस कोणाचे मिटलेले डोळे बघत नाही. याची लाज मला बाकी सगळ्यापेक्षा जास्त वाटते.

पुढे परवान्याचं निघालं. ह्यांचा परवाना बिनगिअरचा, माझाही तसाच. गिअरच्या गाडीसाठी नवा काढायचा, त्यासाठी वयामुळे डॉक्टरचा दाखला. डॉक्टरनी विचारलं, “कशासाठी हवाय?” ह्यांनी “मोटारसायकल” म्हटलं आणि रक्तदाबाच्या यंत्रातला आकडा वर चढला. डॉक्टरनी थोडं थांबून हवापाण्याच्या गप्पा मारल्या, आकडा खाली आला. परत विचारलं, “मोठी गाडी घेताय म्हणे?” परत वर. शेवटी डॉक्टरनी गाडीचा विषय न काढता, श्रावणातल्या भाज्यांबद्दल बोलत बोलत दाखला लिहिला.

शिकाऊ परवाना आला. किशोरी रविवारी येऊन ह्यांना शाळेच्या मैदानावर शिकवायची आणि मधूनमधून माझ्याकडे डोळे वटारायची. “आते, सांग गो तेंका. माका बघवणा नाय.” मी म्हणायची, “सांगतंय, सांगतंय.” आणि मनात म्हणायची, एकदा गाडी घरी आली की आपोआप कळेल.

परीक्षेचा दिवस उजाडला. सकाळी अकराची वेळ, म्हणजे मी मौनात. किशोरीचीच गाडी घेऊन गेलो. परिवहन कार्यालयाच्या मागच्या मैदानात इंग्रजी आठच्या आकड्यासारखी वाट आखलेली, त्यावरून पाय न टेकता जायचं. ह्यांनी हेल्मेट घातलं, देवाचं नाव घेतलं, गाडी सुरू केली. आठाचं पहिलं वळण पार पडलं. दुसऱ्या वळणाशी ह्यांनी विचार केला. मोटारसायकलवर विचार करू नये. गाडी थांबली, आणि मग कोणतीही घाई न करता, एखादी म्हैस चिखलात बसावी तशी सावकाश आडवी झाली. हे तिच्याबरोबर आडवे झाले.

मी धावले. किशोरी धावली. दोघींनी गाडी उचलली, ह्यांचा पाय सोडवला, घोटा बघता बघता सुजला. किशोरी ह्यांना सावलीत घेऊन गेली. मागे परीक्षेच्या गाड्यांची रांग लागलेली, साहेब शिट्टी वाजवतायत, “गाडी हटवा, गाडी हटवा!” आता मी ती ढकलायला हवी होती. माझ्या मनातही ढकलायचंच होतं. पण हात हँडलवर गेले, पाय आपोआप पडला, आणि आठाचा उरलेला अर्धा आकडा मी साडीत, एकदाही पाय न टेकता पूर्ण करून गाडी कडेला नेऊन लावली.

साहेबांनी तोंडातली शिट्टी काढली.

साहेब आले. “मॅडम, लायसन आहे?”

मी मान हलवली. नाही.

“लायसन नाही, आणि माझ्यासमोर चालवताय? नाव काय?”

मी ओठांवर बोट ठेवलं. साहेबांना ते आवडलं नाही. “मला गप्प बसवताय?”

रांगेतली एक बाई कळवळून म्हणाली, “सायबानू, ओरडू नुको हो. मुकी दिसता बिचारी.”

मग सगळं वातावरणच बदललं. साहेब वरमले. कोणीतरी खुर्ची आणली, कोणीतरी लिंबूसरबत. एक गृहस्थ मला हातवारे करून, तोंडाची मोठमोठी हालचाल करत विचारायला लागले, “दु-ख-तं का-य?” मी घड्याळाकडे बघत बसले. बारा वाजले तशी उठून म्हटलं, “मी मुकी नाही हो, माझं व्रत आहे.” पण ते इतक्या हळू आवाजात, की कोणाला ऐकूच गेलं नाही. दोन-तीन जणांनी मायेने हात जोडले. मी सरबत संपवलं आणि खाली मान घालून बाहेर पडले. ह्यांनी यातलं काहीच बघितलं नाही. ते सावलीत डोळे मिटून पडले होते. वाटेत म्हणाले, “माज्यासाठी तू येवढी जड गाडी उचललंस, यशोदे.”

घोट्याला पट्टी बांधून हे अंगणात बसले, तशा आनंदीबाई कुंपण ओलांडून आल्या.

“देवाक इचारलास?”

हे पट्टीकडे बघायला लागले, मी तुळशीकडे.

“बघा! येवढी मोठी वस्तू घरात हाडतास आणि देवाक इचारूक नाय? मगे देव आडवो पाडतलो नाय तर काय करतलो?”

आमच्याकडे ही रीत आहे. घर बांधायचं, मुलीचं स्थळ बघायचं, विहीर खणायची, काहीही मोठं असलं की देवाला कौल लावायचा. गुरव देवाच्या पाषाणावर उजव्या आणि डाव्या अंगाला फुलाची ओली पाकळी चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो, म्हणजे देवापुढे आपला प्रश्न मोठ्याने मांडतो. उजवी पाकळी पडली की देवाचा होकार, डावी पडली की नकार. मी रोज देवळात जाणारी, सुपारी फुटली तरी देवाला सांगणारी, आणि याच एका गोष्टीत मी देवाला विचारलं नव्हतं. विसरले नव्हते. विचारलं नव्हतं. देव नाही म्हणेल याची भीती होती.

हे मात्र एकदम ताजेतवाने दिसले. “लावया कौल,” म्हणाले. “देव सांगात ता खरा.” तो आनंद कशाचा होता, ते तेव्हाही मला कळायला हवं होतं.

सोमवारी सकाळी रवळनाथाच्या देवळात निम्मा गाव जमला. मोटारसायकलचा कौल पूर्वी कोणी लावला नव्हता, त्यामुळे ज्यांना काही काम नव्हतं ते आले आणि ज्यांना होतं तेही आले. ह्यांना पट्टीसकट स्टुलावर बसवलं. मी खांबाशी उभी, मौनात. बाबली गुरवाने पाकळ्या लावल्या, हात जोडले आणि सूर लावला.

“बा देवा रवळनाथा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळ्यांनी साथ दिली.

“आज ह्या तुज्या लेकरान, भाईन, तुज्या पायाकडे येवन नारळ ठेवल्यान हा, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“तेच्या मनात मोटारसायकल घेवचा इला हा. घेवची आसात तर उजवो दी, नको आसात तर डावो दी. आणि घेतल्यार वळणार, घाटार, मोकाट ढोरांपुढे तूच तेका सांभाळ, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

सगळे पाकळ्यांकडे बघत राहिले. मी उजवीकडे. खरं सांगते, मी तिला डोळ्यांनी ढकलत होते. पाकळी हलेना. डावीही हलेना. बाबलीने परत गाऱ्हाणं घातलं. दोन्ही पाकळ्या डिंकाने चिकटवल्यासारख्या. वेळ जायला लागला, मुलं रडायला लागली, बाबलीच्या कपाळावर घाम आला.

“पडना नाय,” तो वळून म्हणाला. “प्रश्नात कायतरी खोट आसा. कोणीतरी कायतरी लपयल्यान हा. जा काय आसात ता देवाच्या दारात सांगा.”

पहिल्या आनंदीबाईच फुटल्या. “यशोदे, तुमच्या माडाचे नारळ आमच्या परड्यात पडतत, ते मी परत दिलंय नाय गो! पण पडलेले घेतलंय, काढूक नाय!”

“व्हय म्हाराजा!” सवयीने सगळे म्हणाले.

पाकळ्या जागच्या जागी. मग भजनी मंडळातल्या एका गृहस्थांनी पेटीचा भाता उंदरांनी नाही, आपण बसून फाडला असं सांगितलं. “व्हय म्हाराजा!” तरीही नाही. लोक एकमेकांकडे संशयाने बघायला लागले. आणखी थोडा वेळ गेला असता, तर गावातला एकही संसार धड राहिला नसता.

बाबली ह्यांच्यापुढे येऊन उभा राहिला. “भाईनू, देवाच्या समोर इचारतंय. तुमका गाडी खरोखर व्हयी?”

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मग पाषाणाकडे. मग सुजलेल्या पायाकडे.

“नको,” हे म्हणाले. “माका भय वाटता रे, बाबल्या. पयल्या दिवसापासून वाटता. पण तिना काशीचे पैशे काढल्यान माज्यासाठी. नाय कसा म्हणू? तिका वायट वाटला असता.”

हे ऐकलं आणि मला वाटलं, देवळाची फरशी दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं. हा माणूस माझं मन राखायला म्हणून मरणाची भीती गिळून आठाच्या आकड्यावर चढला. आणि मी?

“मगे गाडी कोणाक व्हयी?” बाबलीने गावाकडे बघून विचारलं.

किशोरी मागच्या खांबाशी उभी होती, ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. तिने सांगून टाकलं असतं तर बरं झालं असतं. नाही सांगितलं.

“मगे विषय संपलो,” आनंदीबाई म्हणाल्या. “घोवाक नको, घरात दुसरा कोण नाय. काढ पाकळे, बाबल्या.”

बाबलीने हात पुढे केला. बारा वाजायला अजून अवकाश होता. मी गप्प राहिले असते, तर व्रतही राहिलं असतं आणि अब्रूही. काशीला गेले असते, गंगेत उभी राहून माळ ओढली असती, आणि तिथेही ‘डग-डग’च ऐकलं असतं.

“माका,” मी म्हटलं.

कोणाला ऐकू गेलं नाही. बाबलीला मात्र ओठ हललेले दिसले. “काय, वैनी?”

“तिचा मौन आसा रे,” आनंदीबाई म्हणाल्या. “तिका खंय इचारतंस?”

“माका,” मी परत म्हटलं.

“मोठ्यान सांगा, वैनी. देवाक आयकाक जावक व्हया.”

आणि मग माझ्या पोटातून जे काही निघालं, ते मी आजवर कुठे साठवून ठेवलं होतं देव जाणे.

“गाडी माका व्हयी!”

गाभारा घुमला. वरच्या तुळईवरची वटवाघळं उडाली. टांगलेली घंटा आपोआप किणकिणली, निदान मला तसं वाटलं. सगळा गाव गर्रकन माझ्याकडे वळला. बाबली वळला, आनंदीबाई वळल्या, हे स्टुलावरून पडता पडता राहिले. आणि इतका वेळ चाललेल्या सवयीने, काय ऐकलं ते समजण्याच्याही आधी, सगळ्यांनी एका सुरात म्हटलं,

“व्हय म्हाराजा!”

मग कोणाच्या तरी लक्षात आलं आणि सगळे परत पाषाणाकडे वळले. दोन्ही पाकळ्या खाली पडलेल्या होत्या.

“आदी खंयची पडली?” बाबलीने घाबरून विचारलं. कोणीच बघितलं नव्हतं. सगळे मला बघत होते.

मी पदर तोंडाला लावून खाली बसले. मौन मोडलं होतं, तेही देवाच्या दारात, तेही मोटारसायकलसाठी. बाबली बिचारा चांगला. म्हणाला, “वैनी, देवाक सांगितला ता बोलणा न्हय. ता गाऱ्हाणा. कौल परत लावया?”

मी मान हलवली. नको. आणखी एकदा तो प्रश्न गावापुढे मांडायची ताकद माझ्यात नव्हती.

तेवढ्यात हे खांबाला धरून लंगडत उठले. माझ्याजवळ आले. मला वाटलं, आता रागावतील. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

“ता हँडल फिरवन दाखयलंस तेवा तू तुज्याबद्दल सांगत होतंस?”

मी होकारार्थी मान हलवली.

“आणि मी म्हटलंय, पाठसून बसयतंय.” हे एकदम हसायला लागले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या छातीवरून दगड उतरलेला दिसत होता. “देवाचो कौल कोणी बघूक नाय. पण माजो उजवो आसा गो. तुजी गाडी, तुजे पैशे, तू चालव. मी पाठी बसतंय. हेल्मेट आसाच माज्याकडे.”

परवान्यासाठी मी परत त्याच कार्यालयात गेले, दुपारची वेळ ठरवून. साहेबांनी मला ओळखलं. मी “नमस्कार” म्हटलं, तर ते खुर्चीतून उठले. “काकी, तुम्हाला वाचा आली?” त्यांना सगळं समजावून सांगेपर्यंत घसा बसला. आठाचा आकडा मी पूर्ण केला, पण रांगेतली मंडळी आपापसात बोलत होती की कुठल्यातरी देवाचा मोठा गुण आला म्हणून. मी ते खोडलं नाही. माझ्या हातून देवाची एवढी तरी सेवा.

गाडी दिवाळीच्या पाडव्याला घरी आली. मी ह्यांना ओवाळलं, आणि ह्यांनी माझ्याच पैशांच्या गाडीची किल्ली मोठ्या रुबाबात ओवाळणीत घातली. काशीचे पैसे पुन्हा शून्यापासून. विश्वनाथाला मी तसं कळवलं आहे.

बाबलीने दिलेली सवलत मी घेतली नाही. मौन कार्तिकी एकादशीला सोडायचं ते पुढेही चालू ठेवलं, दंड म्हणून. आणि लाज म्हणाल तर अजून आहे. पहिले दोन दिवस हौसेने चालवत गेले, पण मग सकाळी देवळात जाताना वाडीतली घरं लागली की मी गाडी बंद करायचे, उतरायचे आणि आनंदीबाईंचं कुंपण संपेपर्यंत ती ढकलत न्यायचे. जड धूड ते. धापा टाकत, परडीतली फुलं सांभाळत. पुढे वळणावर कोणी नसलं की मग बसायचे.

परवा अशीच ढकलत चालले होते. आनंदीबाईंचं दार धाडकन उघडलं.

“गो यशोदे! पयले दोन दिवस डगडगत गेलंस आणि आता ढकलतंस कित्याक? मोडली काय?”

मी मान हलवली. नाही.

“मगे? माणसा काय म्हणतली म्हणान?” त्या कमरेवर हात ठेवून उभ्या. “अगो, देवळात बोंबाललंस तेवा वटवाघळासुद्धा उडाली. आता कोणापासून लपयतंस? तुज्या गाडयेच्या आवाजार मी उठाक लागलंय. दोन दिस चाय उशिरा झाली माजी, पोरगो बोंब मारता. चालू कर ती!”

मी मौनात होते, उत्तर देणं शक्य नव्हतं. मान खाली घातली, लाजेनेच, आणि बसले. किल्ली फिरवली.

उत्तर वाडीच्या शेवटच्या घरापर्यंत ऐकू गेलं.